आपल्या सातात कोन कुठे आहेत?

जुन्नर
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेला कोनांचा तक्ता मी सहावीच्या वर्गात लावला होता. इंग्रजी आकड्यांत एकाला एक कोन, दोनाला दोन, असं करत नवाला नऊ, आणि शून्याला एकही नाही, म्हणून त्यांचे आकार तसे झाले! पोरं कोनमापक घेऊन तुटून पडली. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "सर, आपल्या ७ मध्ये कोन कुठे आहेत?"

मी गप्प झालो. आपला सात म्हणजे नुसतं वळण. आणि तक्त्यातल्या सातालाही सात कोन भरावेत म्हणून मधे आडवी रेघ आणि खाली पाय जोडलेला होता. दोन्ही आकडे एकाच ब्राह्मीतून, म्हणजे आपल्या जुन्या लिपीतून आलेले, मग एकाला कोन मोजून घडवलं आणि दुसऱ्याला नाही, हे कसं?

मागच्या रविवारी नाणेघाटात गेलो. आपण तिथे कितीदा तरी भाकऱ्या खाल्ल्या, पण तिथल्या लेण्याच्या भिंतीकडे कधी नीट पाहिलं नाही रे. सातवाहनांच्या त्या लेखात यज्ञातल्या दानाचे आकडे कोरलेत, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचे. एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे एकाखाली एक दोन रेघा. नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन म्हणजे तीन रेघा. हात न उचलता भरभर लिहून बघ: दोन रेघांचा २ होतो, तिन्हींचा ३. इंग्रजीतले दोन आणि तीनही असेच झाले. कोन कुणी मोजलेच नव्हते.

सोमवारी तक्ता उतरवला आणि का उतरवला ते मुलांना सांगितलं. मग फळ्यावर अशोककाळातली ब्राह्मी अक्षरं काढली. कोन खरे तिथे आहेत! 'क' म्हणजे अधिकची खूण, चार काटकोन. 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, दोन काटकोन. 'ग' म्हणजे घराचं छप्पर. तो कोन प्रत्येकाच्या वहीत वेगळा भरला, आणि त्यावरून केवढी भांडणं! 'ए' त्रिकोण, 'ब' चौकोन. 'ठ' मात्र निव्वळ गोल, आणि इतक्या शतकांनंतरही पोटात तो गोल तसाच आहे. 'क'ची आडवी रेघ दोन्ही टोकांना खाली झुकत गेली, 'ग'चं छप्पर वाकलं, उजवा पाय काना झाला. हे सगळं लिहिणाऱ्यांच्या हातांनी केलं, पिढ्यान्‌पिढ्या, घाईघाईत. मला याचं फार अप्रूप वाटतं. आपण रोज गिरवतो त्या 'क'मध्ये चार काटकोन दडलेत हे मला पन्नाशीत कळावं!

त्या मुलीनं काल वहीत ७ चे आधीचे आकार मागितले आहेत. शोधतोय. तुझ्या शाळेतल्या मुलांना तक्ता दाखवला असशील तर त्यांनाही हे सांग, आणि दिवाळीत इकडे ये. नाणेघाटातली अक्षरं फार झिजलीत, एक वाचायला आणि एक उतरवून घ्यायला असे दोघं हवेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बाकावरचा सोबती