सड्यावरच्या गाडीवाटा कुंपणाआड जाण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेवस–रेडी सागरी महामार्गावरच्या खाडीपुलांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. पूल व्हायलाच हवेत. बाणकोटच्या खाडीतलं काम किती वर्षं रखडलं, हे किनाऱ्यावरच्या माणसांना वेगळं सांगायला नको. पण या सगळ्या चर्चेत काही रस्त्यांचं नाव कोणीच घेत नाही. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवरून, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांवरून, एका गावातून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या जुन्या गाडीवाटा. त्या एकेक करून बंद होत आहेत, म्हणून हे पत्र.

मी याच भागात राहतो आणि सायकल चालवतो. हल्ली थंडीच्या दिवसांत पुण्या-मुंबईकडची, कोल्हापूरची मुलं ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडी-मुरमाच्या कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, घेऊन इकडे येऊ लागली आहेत. हँडल रेसिंग सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. टायरमधली हवा जरा कमी ठेवली की मुरमाच्या रस्त्यावर चाक नीट धरून चालतं. युरोप-अमेरिकेत या प्रकाराने चांगलंच मूळ धरलं आहे. कॅन्ससमध्ये खडीच्या रस्त्यांवर २०० मैलांची शर्यत होते आणि सायकलिंगची जागतिक संघटना, यूसीआय, २०२२ पासून त्याची अजिंक्यपद स्पर्धा भरवते. शर्यती आपल्याकडे व्हाव्यात असं माझं म्हणणं नाही. मात्र जो रस्ता आपण कच्चा म्हणून मोडीत काढतो, त्याच्यासाठी लोक मुद्दाम लांबून येतात, आणि तो आपल्या दारात आयता पडून आहे.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे हा किनाऱ्याचा रस्ता बहुतेकांना माहीत असतो. डांबरी आहे, देखणा आहे. खाडीपाशी उतरायचं, पुन्हा सड्यावर चढायचं, की पुढची खाडी आलीच. मुचकुंदीच्या मुखाशी पूर्णगडचा किल्ला, पलीकडे गावखडीचं सुरूबन, कशेळीला कनकादित्याचं देऊळ आणि देवघळीचा कडा. गाडीने येणारे इथवर बघून परत फिरतात. खरा मुलूख सुरू होतो तो आडिवऱ्याहून तोंड पूर्वेला केल्यावर, देवीहसोळ, बारसू, राजापूर या बाजूला. बारसूचं नाव २०२३ मध्ये रिफायनरीच्या वादामुळे घरोघरी पोचलं. तिथला सडा प्रत्यक्ष पाहिलेले मात्र थोडेच.

दिवाळीनंतर इथे एकदा सकाळी येऊन बघावं. गवत सोन्यासारखं पिवळं पडलेलं असतं. गाडीवाटेच्या मधोमध गवताची एक पट्टी आणि दोन्ही अंगांना लाल चाकोऱ्या. चाकोरीत बारीक मुरूम, त्याखाली जांभ्याचा कातळ. कातळ उघडा पडला की टायरचा आवाज बदलतो, आणि भोकाभोकांच्या त्या दगडावर पकड अशी मिळते की चढावर सायकल घसरत नाही. उतारावर सुटी खडी जमते, तिथे मात्र ब्रेक जपून दाबावा लागतो. मैलोन्‌मैल सावली नाही, पाणी नाही. मग वाट एकदम खाली उतरते, पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव लागतो, आंबा-काजूच्या बागांचे दगडी गडगे सुरू होतात आणि वाडीतली कुत्री भुंकत अंगावर येतात. एका तासात उघडं माळरान आणि गर्द आगर दोन्ही बघायला मिळेल, असा मुलूख फार ठिकाणी नाही.

आता या वाटांचं काय होतं आहे ते सांगतो. सड्याची जमीन पडीक म्हणून एकगठ्ठा विकली जाते. सातबारावर पंधरा-वीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईला. व्यवहार परस्पर होतो. घेणारा पहिलं काम काय करतो, तर तारेचं कुंपण घालतो आणि वाटेवर लोखंडी फाटक लावून कुलूप ठोकतो. दुसरीकडे चिरेखाणी. जांभ्याचे चिरे काढून झाले की उभ्या भिंतींचा चौकोनी खड्डा उरतो, आणि वाट त्या खड्ड्याच्या काठावर येऊन तुटते. अशाच एका फाटकापाशी गुरं वळवणारी एक आजी भेटली. म्हणाली, “वाट व्हती रे बाबा, आता कुंपान घातलानी. आमची गुरा पन लांबून नेवची लागतत.” माझ्या सायकलीपेक्षा त्या गुरांचा प्रश्न मोठा आहे, हे मला कळतं. सायकलवाल्यांची आणि गावाची गरज इथे एकच आहे, म्हणून तर लिहायचं धाडस करतो आहे.

या वाटा कोणाच्या मेहेरबानीवर नाहीत. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढावा. त्यात गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी आणि पाऊलवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. शेतात जायच्या वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार तो दूर करायचा आदेश देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. फाटक लागतं पावसाळ्याच्या तोंडाशी. गावातल्या कोणाला त्या वाटेने जायची गरज पडते ती थेट पुढच्या हंगामात. तोवर मुदत सरलेली असते. त्यामुळे तक्रारीची वाट न बघता या वाटांची मोजणी आणि नोंद आधीच व्हायला हवी. ग्रामसभेने ठराव करावा, ग्रामपंचायतीच्या रस्ते नोंदवहीत वाट चढवावी, दोन टोकांना जांभ्याचाच एकेक दगड पुरून त्यावर पुढच्या गावाचं नाव आणि अंतर कोरावं. याला मोठा निधी लागत नाही.

‘तुम्हाला हौस म्हणून आम्ही कच्च्या रस्त्यावर राहायचं का?’ असं कोणी विचारील, आणि ते विचारणं रास्तच आहे. ज्या वाडीला रस्ता नाही तिथे आजही आजाऱ्याला डोलीतून खाली आणतात. अशा प्रत्येक वाडीला पक्का रस्ता झालाच पाहिजे, उद्या होत असेल तर आजच व्हावा. मी बोलतो आहे ते गावागावांना जोडणाऱ्या सड्यावरच्या मधल्या वाटांबद्दल. डांबरी रस्ता दुसऱ्या अंगाने झाल्यावर त्या वापरातून गेल्या. त्यांच्यावर डांबर घालायचे प्रस्ताव निघतात ते बऱ्याचदा पुढच्या जमीनविक्रीसाठी. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात गटार नसलेलं पातळ डांबर दोन पावसाळ्यांत उखडतं आणि खाली नुसती टोकदार खडी उरते. त्यापेक्षा पाणी वाटेवरून न वाहता बाजूला जाईल असे आडवे चर काढले, वरचेवर मुरूम दाबला, की ती वाट बैलगाडीला, गुरांना आणि सायकलीला वर्षानुवर्षं पुरते.

एका गोष्टीबद्दल मात्र सायकलवाल्यांनाच बजावून सांगायला हवं. हा सडा मोकळं मैदान नाही. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे ही सगळी ठिकाणं याच टापूत आहेत. कशेळीची एकट्या हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि तिच्या आत इतर प्राणी कोरलेले आहेत. ही चित्रं भिंतीवर नाहीत, पायाखाली आहेत. तिरप्या उन्हात रेषा दिसतात, भर दुपारी जवळजवळ दिसेनाशा होतात. वाट सोडून कातळावर सायकल घातली, तर आपण कशावरून गेलो हे जाणाऱ्याला कळणारही नाही. फुलांचंही तसंच. पहिल्या पावसाबरोबर कोकणी दीपकाडी उगवते. ही पांढरी फुलं जगात फक्त कोकण परिसरातल्या या सड्यांवर येतात. श्रावण-भाद्रपदात गेंद आणि सीतेची आसवं यांनी कातळ भरून जातो. तेव्हा जून ते सप्टेंबर सायकल सड्यावर नेऊच नये, आणि एरवीही चाकोरी सोडू नये. कास पठारावर माणसांच्या संख्येला मर्यादा घालायची पाळी आली. इथे ती येऊ द्यायची नसेल, तर आखलेली, खुणा केलेली वाट हाच उपाय आहे. वाट ठरलेली असली की माणूस इतरत्र भरकटत नाही.

पैशाचाही विचार करावा. मोटारीने येणारा रत्नागिरीहून मालवणला तीन-चार तासांत निघून जातो. सायकलवाल्याला तेवढ्याच अंतराला तीन-चार दिवस लागतात. तो सकाळी घावन-चटणी खातो, दुपारी कोकम सरबत मागतो, रात्री कोणाच्या तरी ओटीवर किंवा पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेतल्या घरात उतरतो. त्याला पोहण्याचा तलाव नको, सायकल आत ठेवायला पडवी आणि धुवायला पाण्याचा पाइप पुरतो. हा पैसा समुद्रकाठच्या हॉटेलांत न थांबता देवीहसोळसारख्या आतल्या गावांत जातो, जिथे पर्यटक म्हणून एरवी कोणी फिरकत नाही.

खाडीपुलांबद्दल एकच. आज दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, वेसवी–बागमांडला या फेरीबोटींवर सायकल सुखाने चढते. उद्या पूल झाल्यावर फेऱ्या चालू राहतील याची खात्री कोण देणार? म्हणून पुलांच्या आराखड्यातच पादचारी आणि सायकलीसाठी कठडा घातलेली वेगळी पट्टी धरावी. भरधाव डंपरच्या शेजारून, आडव्या वाऱ्यात, उंच पुलावर सायकल चालवणं जिवावर बेतू शकतं, आणि पूल बांधून झाल्यावर ती पट्टी जोडणं फार अवघड असतं.

जिल्हा नियोजन समितीने आडिवरे ते राजापूर एवढा एकच टप्पा आधी हाती घ्यावा, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. कातळशिल्पांचे आणि वनस्पतींचे जाणकार, त्या त्या गावचे गुराखी आणि तलाठी यांना बरोबर घेऊन वाट चालत तपासावी लागेल. गावनकाशे घेऊन त्यांच्यासोबत फिरायला मी आणि इथले काही सायकलवाले तयार आहोत. पुढच्या पावसाळ्यापूर्वी हे काम सुरू व्हावं.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी