कोरांटीची छाटणी बहर सरल्यावर करावी

मा. संपादक,
स. न.

दसऱ्याच्या आधी सगळीकडे साफसफाई निघते आणि तिचा पहिला फटका कुंपणाच्या झुडपांना बसतो. म्हसरूळ भागातील आमच्या वसाहतीच्या मोकळ्या जागेत आम्ही काही रहिवाशांनी तीन पावसाळ्यांपूर्वी पिवळ्या कोरांटीच्या फांद्या लावल्या होत्या. यंदा ऐन कळ्या धरताना देखभालीच्या माणसांनी ती झुडपे मेंदीच्या कुंपणासारखी गुडघ्याएवढी सपाट कापून टाकली. हेतू टापटिपीचाच असेल. परंतु कोरांटी फांद्यांच्या शेंड्यांकडे फुलते आणि तिचा बहर पावसाळा सरताना सुरू होऊन थंडीपर्यंत चालतो, त्यामुळे भाद्रपदात शेंडे उडवले की त्या वर्षीची फुले गेलीच.

देवाला वाहायला फुले मिळाली नाहीत, एवढीच ही तक्रार नाही. गेल्या कार्तिकात याच झुडपांवर सकाळी पोटावर निळसर पट्टे असलेल्या एकांड्या मधमाश्या येत. फुलाबाहेर डोकावणाऱ्या दोन लांब पुंकेसरांना घासून त्यांची पाठ पिवळी होई. काळे भुंगेही येत. या माश्या आणि भुंगे फुलाला धरून अंग थरथरवतात आणि टोमॅटोच्या फुलातील पराग अशा थरथरीने चांगले मोकळे होतात. पोळ्यातल्या मधमाशीला ते जमत नाही. गिरणारे परिसरातील टोमॅटोचा हंगाम साधारण याच महिन्यांतला, हे शेतकरी वाचकांना सांगायला नको. शिवाय या एकांड्या माश्या मातीत बीळ करून राहतात; आपण मात्र झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो.

कोरांटी इथलीच, वर्षानुवर्षे टिकणारी आहे. मुरमाड जमिनीत, मुळाशी पाणी साचू दिले नाही तर फारशी निगा न घेता वाढते. काट्यांमुळे गुरेही सहसा तोंड लावत नाहीत. (लहान मुलांच्या पायवाटेलगत मात्र ती लावू नये, हा धडा आम्ही स्वतः घेतला आहे.) काही फुलपाखरांच्या अळ्या तिची पाने खातात, म्हणून कुरतडलेली पाने पाहून लगेच औषध फवारू नये.

उद्याने आणि वसाहतींच्या देखभालीचे काम पाहणाऱ्यांना विनंती, की कोरांटीची छाटणी माघ-फाल्गुनात, बहर संपल्यावर करावी आणि निघालेल्या फांद्या टाकून न देता रोपांसाठी वापराव्यात. आमच्या कापलेल्या झुडपांना आता नवे फुटवे आले आहेत. दिवाळीच्या साफसफाईत निदान त्यांना तरी कात्री लागू नये.

एक वाचक, म्हसरूळ, नाशिक