आकडी आणि छत्री

चोपडा, वैशाख

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. नातू वहीत बेरजा धडाधड करतो आणि दुकानात सुट्टे पैसे हातात आले की बावचळतो, म्हणून तू त्याला ‘ढ’ ठरवून मोकळा झालास! मास्तरकी केलेल्या माणसाला ही घाई शोभत नाही.

आमची नात अडीच वर्षांची. मळ्यात आकडीने कैऱ्या उतरवतात तेव्हा ही खाली उभी, मान वर. परवा तिचा चेंडू दिवाणाखाली पार भिंतीशी गेला. जवळच झाडू होता, लांब फूटपट्टी होती. दोन्ही सोडून ती माझी छत्री ओढत आली आणि उलटी धरून वाकडी मूठ आत सरकवली. पोटावर पालथी, जीभ दातांत. मूठ आधी चेंडूच्या अलीकडेच टेकली, चेंडू हलेना. मग तिने ती पलीकडे नेऊन ओढली. ‘चेंडू ऊना!’ (म्हणजे ‘चेंडू आला’. अहिराणी आजीकडून आलीय. सूनबाईंना ते फारसं रुचत नाही, पण ते राहू दे.)

ॲन ब्राऊन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 मध्ये हेच मांडलं. दोन-अडीच वर्षांची मुलं दूरचं खेळणं ओढायला एक साधन वापरायला शिकली, की पुढे नवं साधन निवडताना ते पुरेसं लांब आहे का, ताठ आहे का, टोक अडकेल का, एवढंच बघतात. रंगाकडे ढुंकून बघत नाहीत. ओढल्यावर वस्तू का येते, हे त्यांना आधीच उमगलेलं असतं.

पण नुसतं ऐकलेलं तितक्या सहज कामी येत नाही. होलिओक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1984 चा प्रयोग बघ. बालवाडीच्या वयाच्या मुलांना गोष्ट सांगितली: अल्लादिनच्या गोष्टीतल्यासारखा एक जिनी जादूच्या काठीने लांबची बाटली जवळ ओढतो आणि आपली रत्नं तिच्यात भरतो. मग पुढ्यात गोळ्यांचा वाडगा, हात पोचणार नाही असा दुसरा वाडगा, आणि शेजारी एक काठी. गोळ्या त्या दुसऱ्या वाडग्यात न्यायच्या. काहींना आपणहून सुचलं. बाकीच्यांना ‘गोष्टीतलं काही उपयोगी पडेल का?’ एवढं म्हणावं लागलं.

तुझ्या नातवाला हे कुणी विचारलंय का? त्याच्या लेखी बेरीज वहीतच राहते, उभी मांडून, खाली रेघ ओढून. दुकानात ना रेघ, ना अधिकचं चिन्ह. ही तीच बेरीज आहे हे त्याने ओळखावं कशावरून? पाढे पाठ करून घेणं थांबव असं मी म्हणणार नाही, ते लागतातच. पण बाजारात पिशवी त्याच्या हातात दे, हिशेब त्यालाच करू दे, आणि अडला की उत्तर सांगू नकोस.

सुट्टी आहे तोवर त्याला इकडे धाड. वही नको. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या