ती. काकांस, कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून

ती. काका,
सा. न. वि. वि.

कल्याणला सुखरूप पोहोचल्याचं तुमच्या सुनेकडून कळलं. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही काकूंच्या गुडघ्यावर विषय नेता, म्हणून लिहायला बसले. आणि चारचौघांत लिहितेय, कारण खंडणीचा फोन येऊनही तोंड बंद ठेवलेली दोन दुकानं मला आमच्याच प्लाझात ठाऊक आहेत.

गेल्या जानेवारीतली ती रात्र. शेवटचा घाणा काढून मी कढई घासत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर परदेशी नंबरवरून व्हिडिओ आला. सोळा सेकंदांचा. आमच्याच घराचं दार, पायऱ्यांवरचा बर्फ आणि कठड्याला टेकवलेली मुलीची लाल घसरगाडी. खाली हिंदीत मजकूर: दोन लाख डॉलर तयार ठेवा. आकडा मी नंतर वाचला, आधी नजर घसरगाडीवर खिळली. शाळेतून येऊन मुलीने ती तिथे ठेवली होती, म्हणजे व्हिडिओ त्याच संध्याकाळचा.

ह्यांचं म्हणणं, कुणाला काही बोलायचं नाही. ओळखीतल्या एकाने सुचवलं, वीस-पंचवीस हजारांत ऐकतात, देऊन टाका. आयुष्यभर घासाघीस करणाऱ्या दुकानदाराला हा सल्ला पटतो हो, खोटं कशाला बोलू. शिवाय डोक्यात हजार शंका. पोलिसांत गेलो तर पीआरच्या, म्हणजे इथल्या कायम वास्तव्याच्या कागदांत काही अडकेल का? गावी सासूबाई एकट्या असतात, त्यांच्या दाराशी कुणी गेलं तर? फोन करणाऱ्यांना हे सगळं पक्कं माहीत असतं. इथल्या देशी धंदेवाल्यांच्या मागे ते लागतात ते याच जोरावर.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा परत द्यायला आलात. माझ्याकडे एकदा बघितलंत आणि विचारलंत, "खंडणीचा फोन आला का?" तो शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. मुंबई पोलिसांतून फौजदार म्हणून निवृत्त झालेला माणूस आईवडिलांना मुलांकडे दीर्घकाळ राहता येणाऱ्या सुपर व्हिसावर नातवंडं सांभाळायला येतो आणि आमच्या ओट्यापाशी उभ्याउभ्या तपास सुरू करतो, हे आठवून आता हसू येतं. तेव्हा मी रडले होते.

तुम्ही आधी चहा मागितलात, मग एक कोरी वही. तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याची भाषा, मागे कसले आवाज, सगळं जसंच्या तसं लिहायचं. मेसेज पुसायचा नाही, नंबर ब्लॉक करायचा नाही, उलट उत्तर द्यायचं नाही. व्हिडिओपाठोपाठ आलेल्या फोनवर बोलणाऱ्याने मोठ्या टोळीचं नाव घेतल्याचं ह्यांनी घाबरत सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाव कुणीही घेतं. आमच्या वेळी दाऊदचं नाव सांगून गल्लीतली पोरंसुद्धा फोन करायची." आणि पैशाबद्दल एवढंच: एकदा दिले की तुमचं नाव देणाऱ्यांच्या यादीत जातं, आणि ती यादी विकली जाते.

आमच्या भागातल्या पील पोलिसांनी डिसेंबर २०२३मध्येच खंडणीसाठी वेगळं पथक उभं केलंय, हे इथे बारा वर्षं राहून मला माहीत नव्हतं. तुम्ही लायब्ररीत पेपर वाचून आला होतात. ब्रॅम्प्टन आणि व्हँकुव्हरजवळच्या सरेच्या महापौरांनी जानेवारी २०२४मध्ये मिळून केंद्र सरकारला पत्र लिहिल्याचं, एडमंटनला देशी बिल्डरांची अर्धवट बांधलेली घरं पेटवल्याचं तुम्हीच ह्यांना सांगितलंत. हे शरमेने मान खाली घालून बसले होते, जणू आमच्याच हिशेबात काही खोट होती. आपण एकटे नाही हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा नीट जेवले.

पोलिसांकडे तुम्ही सोबत आलात, पण आत बोलला नाहीत. "तक्रार तुमची आहे," म्हणालात आणि बाहेर बाकावर मफलर गुंडाळून तीन तास बसलात. ऑफिसरने वहीच्या पानापानाचे फोटो काढले. कागदपत्रांचा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही.

आता जे तुमच्याशी कधी नीट बोलले नाही ते. आमच्या स्वयंपाकघरात काम करणारा लुधियान्याचा विद्यार्थी तुम्हाला आठवत असेल. त्या आठवड्यात मी त्याच्या फोनकडे चोरून बघायला लागले होते. गोळ्या झाडायला इथलीच कोवळी पोरं वापरतात असं ऐकलं होतं, आणि माझ्या डोळ्यांना प्रत्येक पगडीवाला मुलगा तसाच दिसायला लागला. त्याला कामावरून काढावं म्हणते, असं तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही चिडलात. "पुरावा काय? तो पंजाबी आहे हा?" तुमचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ताई, माझ्या मामाच्या ट्रकिंगच्या ऑफिसवर गेल्या वर्षी गोळ्या झाडल्या. वर्षभर तो माझ्या शेजारी उभा राहून पोळ्या भाजत होता आणि मला पत्ता नव्हता. त्यानंतर तोच रात्री शटर ओढून आम्हाला गाडीपर्यंत सोडायला लागला.

पुढे आणखी चार फोन आले, मग बंद झाले. कुणाला अटक झाल्याचं आम्हाला कळलेलं नाही. सरेत एका कॅफेवर जुलै ते ऑक्टोबर २०२५मध्ये तीनदा गोळीबार झाला, त्या बातम्या आल्या की ह्यांची झोप अजून उडते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला कॅनडाने भारतातल्या लॉरेन्स बिश्नोईच्या टोळीला दहशतवादी संघटनांच्या यादीत घातलं, तेव्हा हे म्हणाले, काकांना आपला मोक्का आठवला असेल. नंतर तुमचा मेसेज आलाच: "कायदा चांगला. तक्रारदार पाहिजे."

प्लाझातल्या मिठाईवाल्या भाभी गेल्या आठवड्यात मागच्या दाराने आल्या. काही बोलल्या नाहीत, नुसता फोन पुढे केला. मी चहा टाकला आणि मुलीकडे एक कोरी वही मागितली.

तुमचा मफलर आमच्याकडेच राहिलाय. माझी नणंद डिसेंबरमध्ये येतेय, तिच्याबरोबर पाठवते. भाजणीही देणार होते, पण कल्याणला भाजणी पाठवली तर काकू मला हसतील.

तुमची,
शेजारीण