अलार्म वाजला नाही, तर जबाबदार कोण? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,

सा. न. वि. वि.

माझ्या मुलीला टाईप १ मधुमेह आहे. तिच्या दंडावर साखर सतत मोजणारा ग्लुकोज सेन्सर असतो; साखर घसरली की अलार्म वाजतो तो मोबाइलवर. हे पत्र सेन्सरच्या किमतीबद्दल किंवा अनुदानाबद्दल नाही. त्यावर तुम्हाला पुष्कळांनी लिहिलं असेल. मला विचारायचं आहे ते त्या सेन्सरशी जोडलेल्या मोबाइलबद्दल. सेन्सर डॉक्टर लिहून देतात. फोन मात्र आम्ही आपापल्या अकलेने निवडायचा, आणि तो निवडताना खात्रीने काही सांगेल असा माणूस ना दवाखान्यात भेटतो, ना दुकानात, ना कंपनीच्या हेल्पलाइनवर.

आधी थोडं यंत्राबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सेन्सरची केसासारखी बारीक तार त्वचेखाली असते आणि ती रक्तातली नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. तो आकडा रक्ताच्या साधारण ५ ते १५ मिनिटं मागे चालतो. काही सेन्सर दर मिनिटाला, तर काही दर पाच मिनिटांनी आकडा ब्लूटूथने फोनकडे पाठवतात. आमच्या सेन्सरला स्वतःचा आवाज नाही; बाजारातल्या बहुतेकांना तो नसतो. साखर ७०च्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या, खाली गेली, ५५ला टेकली, तरी दंडावरची चकती मुकीच राहते. ओरडायचं ते फोनने. इन्सुलिन घेणाऱ्या झोपलेल्या माणसाला पुष्कळदा शुगर लो झाल्याची जाग येत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आणि तो फोन मुळात ओरडायला बनवलेलाच नाही. बॅटरी दिवसभर पुरावी म्हणून मागे चालणारी ॲप जमतील तितकी झोपवायची, हे त्याचं शिक्षण. अँड्रॉइडमध्ये २०१५ला सहाव्या आवृत्तीबरोबर ही सोय आली. पडदा बंद, फोन चार्जरला न लावलेला आणि बराच वेळ हललेला नाही, असं दिसलं की आतली कामं थोपवून धरायची. मुलगी गाढ झोपलेली असते तेव्हा उशाशी ठेवलेल्या फोनची अवस्था नेमकी हीच असते. त्यावर कित्येक फोन कंपन्या आपापली आणखी कडक बॅटरी-बचत चढवतात, कारण जाहिरातीत बॅटरीचे तास विकले जातात. कुठे ‘ऑटोस्टार्ट’ची वेगळी परवानगी लागते, कुठे ॲप बंद पडू नये म्हणून त्याला कुलूप लावावं लागतं, कुठे ‘निर्बंध नाही’ हा पर्याय मेनूच्या पाचव्या पायरीवर दडलेला असतो. पहारेकरी ठेवायचा आणि काटकसर म्हणून रात्री त्यालाच झोपेची गोळी द्यायची, असा हा व्यवहार आहे.

संपर्क वीसेक मिनिटं तुटला तर ॲप ‘सिग्नल नाही’ असा इशारा देतं, हे खरं. पण तो इशारा देणार कोण? तेच ॲप. फोननेच ते बंद पाडलं असेल, तर आपण बंद पडलो आहोत हे ते स्वतः सांगू शकत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट मात्र याच्याही पुढची आहे, आणि ती तुमच्या खात्याने नीट समजून घ्यावी. सेन्सर आकडे साठवून ठेवतो. काही ८ तासांचे, काही २४ तासांचे, काही पूर्ण १४ दिवसांचे. संपर्क परत आला की ॲप मधली रिकामी जागा गुपचूप भरून काढतं. त्यामुळे सकाळी आलेख अखंड दिसतो. आमच्याकडे एकदा फोन रात्रीत स्वतःहून अपडेट झाला. सकाळी आलेखात पहाटेची रेघ चांगली खाली उतरून परत वर आलेली दिसत होती, आणि घरात कुणालाही अलार्म ऐकू आला नव्हता. डॉक्टरांना दिसतो तोही हाच आलेख. साखर खाली गेली होती हे त्यात दिसतं. अलार्म वाजलाच नव्हता, हे दिसत नाही. मग असे प्रसंग कुठल्या नोंदीत सापडणार? सेन्सर कंपनी म्हणाली, फोनला विचारा. फोन कंपनी म्हणाली, ॲपचा प्रश्न आहे. विक्रेत्याने बॅटरी सेव्हर बंद करून दिला आणि विषय संपला.

या टोलवाटोलवीला कायद्यातही जागा आहे. सेन्सर हे वैद्यकीय उपकरण, त्याचं ॲपही त्यात मोडतं. दोन्ही तपासून मंजूर होतात. सेन्सरची अचूकता तर दशांश चिन्हापर्यंत जाहीर केली जाते. पण फोन सर्वसाधारण वापराची वस्तू राहतो. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१३च्या मार्गदर्शनात म्हटलं की, केवळ फोन बनवून विकणारी कंपनी वैद्यकीय उपकरणाची उत्पादक ठरत नाही. तर्क समजू शकतो. हाताशी कॅमेरा आहे म्हणून उद्या प्रत्येक फोन रुग्णालयाच्या कसोटीवर घासायचा का? पण त्याच एफडीएला फेब्रुवारी २०२५मध्ये मधुमेहाच्या उपकरणांचे फोनवरचे इशारे चुकत असल्याबद्दल जाहीर सूचना काढावी लागली. त्यातली कारणं आमच्या घरच्या यादीशी जुळतात: अपडेटनंतर बदललेल्या सेटिंग, झोपेचे आणि शांततेचे मोड, नव्याने जोडलेले ब्लूटूथ हेडफोन किंवा गाडीचा स्पीकर. दप्तरातले इअरफोन फोनला जोडलेलेच राहिले, तर अलार्म दप्तरात वाजू शकतो. सूचनेतले उपाय असे: फोनचं अपडेट आपोआप होऊ देऊ नका आणि महिन्यातून एकदा तरी इशाऱ्यांच्या सेटिंग तपासा. म्हणजे सगळं काम पुन्हा रुग्णाच्या गळ्यात.

तरीही फोन घ्यावा लागतोच, म्हणून दुकानात मी काय बघते ते सांगते. महागडा फोन म्हणजे भरवशाचा, असं नाही. अगदी नवा फोन तर कित्येकदा वाईट निवड ठरते, कारण सेन्सर कंपनीच्या यादीत तो मॉडेल आणि त्यावरची नवी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) यायला वेळ लागतो. यादीत दोन्ही जुळायला हवीत. नुसतं मॉडेलचं नाव सापडून भागत नाही. काही सेन्सर सुरू करायलाच फोन त्यावर टेकवावा लागतो. त्यासाठी एनएफसी (टेकवून माहिती घेण्याची सोय) लागतं आणि स्वस्त फोनमधून सगळ्यात आधी तेच गाळलेलं असतं. मग ‘या ॲपवर बॅटरीचं बंधन नको’ असं सांगितलेलं फोन पुढच्या अपडेटनंतरही लक्षात ठेवतो का? हा प्रश्न विचारला की विक्रेता माझ्याकडे संशयाने बघतो. शेवटी, सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, कारण जुनी प्रणाली ॲप एक दिवस नाकारतंच. जुना फोन घ्यायचा असेल तर बॅटरीची तब्येतही बघावी लागते. पहाटे तीनला मान टाकणारा फोन काय कामाचा?

आयफोनवर एक गोष्ट चांगली आहे. २०१८मध्ये, आयओएस १२पासून, ‘क्रिटिकल अलर्ट’ आले. कंपनीने परवानगी दिलेल्या ॲपचा इशारा फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. पण वापरणाऱ्याने ॲप बोटाने वर सरकवून बंद केलं, तर तिथेही पंचाईत होऊ शकते, आणि हे घरातल्या मोठ्यांना समजावताना दमछाक होते. ‘बॅटरी वाचते’ म्हणून ॲप सरकवून टाकायची सवय हाडीमाशी खिळली आहे.

फोन चोख असला तरी काही गोष्टी त्याच्या हातात नसतात. ब्लूटूथच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. कंपन्या मोकळ्या जागेतला ६ ते १० मीटरचा पल्ला सांगतात, पण मुलगी सेन्सरच्या कुशीवर वळली की हातभर अंतरावरही संपर्क तुटू शकतो. शिवाय सेन्सर दाबला गेल्यामुळे खोटी लो दाखवतो ती वेगळीच. अशा खोट्या अलार्मना वैतागून लोक खरेही बंद करतात. त्यांना दोष देण्याआधी आठवडाभर तो आवाज उशाशी घेऊन झोपून बघावं.

मग सरकारने करायचं काय? फोनला औषधासारखी मंजुरी द्या, असं मी म्हणत नाही. बाजारात विकणाऱ्याला लेबलवर खरं बोलायला लावणं सरकारला जमतं, हे इतरत्र दिसलं आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून उत्पादकाला सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार ते जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात २० जून २०२५पासून लागू झालेल्या नियमांनुसार, मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं प्रणालीची अपडेट उपलब्ध ठेवावी लागतात आणि बॅटरी किती टिकते ते लेबलवर छापावं लागतं. बॅटरी किती टिकते ते छापता येतं, तर ती टिकवण्यासाठी फोन काय काय झोपवतो हेही छापता येईल. मला लेबलवर एकच ओळ हवी आहे: वैद्यकीय ॲपला एकदा दिलेली सूट हा फोन अपडेटनंतरही पाळतो की नाही.

दुसरी मागणी नोंदीची. न वाजलेल्या अलार्मची तक्रार घेणारी एकच खिडकी असावी आणि ती सेन्सर, ॲप, फोन असा भेद न करता प्रकरण दाखल करून घेणारी असावी. दोष कुणाचा ते नंतर तज्ज्ञांनी ठरवावं. झोपेतून उठलेल्या आईने नव्हे. त्यासाठी सेन्सर कंपन्यांना आणखी एक सांगा: मागाहून भरलेले आकडे आलेखात वेगळ्या रंगात दाखवा. तेवढ्यानेही डॉक्टरांना पुष्कळ कळेल.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात तातडीची: सेन्सर लिहून दिला की त्याचा स्वतंत्र रिसीव्हर, म्हणजे फोनऐवजी आकडे घेऊन अलार्म वाजवणारं यंत्र, मागण्याचा हक्क रुग्णाला असावा. ज्याला रात्रीत आपोआप अपडेट येत नाहीत, गाणी येत नाहीत, जो वर्गात मोबाइलबंदी असली तरी बाकावर ठेवता येतो, असा छोटा डबा. तोही निर्दोष असतो असा दावा नाही. डेक्सकॉम या सेन्सर कंपनीला २०२५मध्ये स्पीकरच्या दोषामुळे रिसीव्हर परत बोलवावे लागले. पण फरक लक्षात घ्या: तिथे दोष सापडला, नोंदला गेला, कंपनीच्या नावासकट जाहीर झाला आणि वस्तू परत बोलावली गेली. फोनवरचा अलार्म वाजत नाही तेव्हा यातलं काहीच घडत नाही.

दूरवरून लक्ष ठेवणाऱ्यांनाही यात धरा. मुलांचे आकडे पालकांच्या फोनवर येतात ते कंपनीच्या सर्व्हरमार्गे. नोव्हेंबर २०१९च्या अखेरीस डेक्सकॉमची ही सेवा कोलमडली आणि पालकांचे फोन गप्प झाले. सेवा बंद पडली तर किती वेळात कळवायचं, याचं बंधन घालायला लेबल बदलण्याइतकीही मेहनत नाही.

उत्तर पाठवाल तेव्हा ‘आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ असं कृपया कळवू नका. तो विभाग कोणता, हेच तर विचारते आहे.

आपली,
टाईप १ मधुमेह असलेल्या मुलीची आई