मुलांच्या पाठीवरचे ओझे हलके करण्यासाठी गावकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

केळापूर तालुक्यातील आपल्या गावच्या जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत गावातल्या मुलांबरोबरच जवळच्या कोलामांच्या पोडावरची (वस्तीवरची) आणि तांड्यावरची मुलेही पायी येतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्याने चिखल तुडवत येताना दप्तराचा एखादा पट्टा तुटला, की सगळे ओझे एकाच खांद्यावर घेऊन मूल तिरपे चालू लागते आणि रात्री मान-पाठ दुखते म्हणून रडते. अशा तक्रारी पालक सभेत पुन्हा पुन्हा आल्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीने हे आवाहन करण्याचे ठरवले आहे.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे राज्य शासनाने २०१५ मध्ये आणि केंद्राच्या दप्तर धोरणाने २०२० मध्ये सांगितले आहे. म्हणजे २५ किलो वजनाच्या मुलाने फार तर अडीच किलो उचलावे. आता त्यातली एक लिटर पाण्याची बाटलीच एक किलोची होते. उरलेल्या दीड किलोत पुस्तके, वह्या, कंपास आणि खुद्द रिकामे दप्तर बसवायचे, हे कोणत्याही आईला जमणारे नाही. वहीची पाने जोडलेली चार भागांतली पाठ्यपुस्तके २०२३-२४ पासून दोन वर्षे मिळाली, पण ती पद्धत बंद झाल्याने वेगळ्या वह्या पुन्हा दप्तरात आल्या आहेत.

जड दप्तराने पाठीला कायमचे कुबड येते, अशी भीती आम्ही कोणाला घालू इच्छित नाही. मात्र ओझ्याने मूल पुढे झुकते, मानेचे व पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात, अरुंद पट्टे खांद्यात रुतून हाताला मुंग्या येतात, आणि हे दुखणे टाळता येण्यासारखे आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे प्रेमाने शेकतो. तीच काळजी आपल्या लेकरांच्या खांद्यांचीही घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

मुलांना 'नीट चाला' असे सांगून हा प्रश्न सुटणार नाही. ओझे शाळेतच ठेवण्याची सोय झाली पाहिजे, आणि त्यात पहिली गरज पाण्याची आहे. आपल्या जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त असल्याने पालक शाळेच्या बोअरच्या पाण्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि घरून भरलेली बाटली देतात, त्यात त्यांची काहीच चूक नाही. पाण्याची तपासणी, शुद्धीकरण यंत्र, नळ असलेली स्टीलची टाकी आणि पेले एवढे झाले, तर प्रत्येक मुलाच्या पाठीवरून त्याच दिवशी किलोभर ओझे उतरेल. यासाठी रोख वर्गणीची सर्वाधिक आवश्यकता आहे.

पहिली ते आठवीच्या आठही वर्गांत वह्या-पुस्तके ठेवण्यासाठी मांडण्या हव्या आहेत. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणाऱ्या सुतार बांधवांनी दोन-चार दिवसांची मजुरी आणि ज्यांच्याकडे जुन्या फळ्या असतील त्यांनी त्या द्याव्यात. वरच्या वर्गात गेलेल्या मुलांची, अभ्यासक्रम न बदललेली पुस्तके रद्दीत न घालता शाळेत जमा करावीत, म्हणजे एक संच घरी आणि एक वर्गात राहील. गावातील शिंपी बंधू-भगिनींनी तुटलेले पट्टे रुंद करून त्यात कापूस भरून द्यावा. कापूस आपल्या घरचाच आहे. दर महिन्याला दप्तरे तोलण्यासाठी एक वजनकाटाही हवा आहे.

पालकांनी रोज रात्री वेळापत्रक पाहून दप्तर भरावे, जड पुस्तके पाठीला लागून ठेवावीत, दोन्ही पट्टे आवळून दप्तर कमरेच्या खाली लोंबू देऊ नये.

वर्गणी समितीच्या बँक खात्यात किंवा मुख्याध्यापकांकडे जमा करून पावती अवश्य घ्यावी. जमाखर्च शाळेच्या दर्शनी फळ्यावर लिहिला जाईल आणि पालक सभेत वाचून दाखवला जाईल. साहित्य कोणत्याही कामाच्या दिवशी शाळेत स्वीकारले जाईल. पोळ्यापूर्वी मांडण्या आणि टाकी बसवण्याचा समितीचा निर्धार आहे.

आपले नम्र,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती,
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा,
ता. केळापूर, जि. यवतमाळ