ऑफिसच्या नॅसबद्दल

नाशिक

प्रिय मित्रा,

ऑफिसच्या नॅससाठी (म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा, नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) तू मागवलेली कोटेशन्स बघितली. चार डिस्कवालं आधी बाजूला काढ. पाच माणसं, ऑटोकॅडची ड्रॉइंग्ज आणि साइटचे फोटो, याला दोन डिस्कचं नॅस पुरून उरतं. दुकानदार प्रोसेसर न् रॅमचं पुराण लावेल. तू एवढंच बघ, की तू गावाला गेलास तर तुझ्या अकाउंटंट ताईंना ते सांभाळता येईल का?

म्हणून मी सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसच्या बाजूचा. सगळं ब्राउझरमध्ये दिसतं; नवीन पोरगा आला की त्याचं नाव टाकायचं, कुठली फोल्डरं दिसावीत त्यावर टिक करायची, झालं. डिस्क गेली तर डबा बीप-बीप करत बसतो, मेलही येतो. 2025 मध्ये नव्या प्लस मॉडेल्सना स्वतःच्याच डिस्कची सक्ती करून त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्याच ऑक्टोबरमध्ये ती सैल केली. तू सीगेटच्या आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडीच्या रेड प्लस डिस्क घे. नुसतं 'रेड' नको, त्यातल्या बऱ्याच डिस्क एसएमआर (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात आणि बिघडलेलीच्या जागी टाकलेल्या नव्या डिस्कवर डेटा परत भरताना फार वेळ घेऊन जीव खातात.

4 टीबीच्या दोन डिस्क टाकल्यास तरी जागा 4 टीबीच मिळेल, दुसरी पहिलीची नक्कल असते. पण लेका, याला बॅकअप समजू नकोस! कुणी सातपूरच्या प्लॉटचं फोल्डर उडवलं, तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. स्नॅपशॉट (फोल्डर आधी होतं तसं परत आणायची सोय) आहे ना, ते विचारून घे. शिवाय यूएसबी डिस्कवर दर शनिवारी कॉपी काढायची आणि ती गंगापूर रोडला घरी न्यायची. ऑफिसच्याच ड्रॉवरमध्ये ठेवलीस तर चोर दोन्ही नेईल.

घरून फाइल बघायच्या म्हणून राउटरचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, उघडून देऊ नकोस. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने असे इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅसचे डबे कुलूपबंद करून बिटकॉइन मागितले होते. व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता, लाव.

आणि सगळे कॉम्प्युटर जोडणारा तो जुना 100 एमबीपीएसचा स्विच काढ. त्यावर 1 जीबीची फाइल दीड मिनिट घेते, दहापट वेगाच्या गिगाबिट स्विचवर दहाएक सेकंद. यूपीएस यूएसबी केबलने नॅसला जोड, म्हणजे लाइट गेली की बॅटरी संपायच्या आत ते आपणहून बंद होतं. पावसाळ्यात अंबडला काय होतं, तुला वेगळं सांगायला नको.

डिस्कचं बिल वेगळं माग, वॉरंटी वेगळी असते. मॉडेल ठरलं की फोन कर, मांडणी करून द्यायला येतो.

तुझाच,
मित्र